गिरणी थांबली तरी काम लोकांना आठवतं: ग्रामीण उद्योगांच्या वारशाची नोंद गावकऱ्यांच्या साथीनं कशी करायची

इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीवर १७७९ साली ओतीव लोखंडाचा पूल उभा राहिला. या जातीचा जगातला पहिला मोठा पूल. तो बघायला लांबून लोक आले, चित्रकारांनी त्याची चित्रं काढली. पण ते अवजड भाग नदीवर चढवले कसे, हे डोळ्यांनी पाहणाऱ्या कुणी नीट लिहून ठेवलं नाही. १९९७ साली स्टॉकहोममध्ये एलियस मार्टिन या चित्रकाराचं एक छोटं जलरंगातलं चित्र उजेडात आलं. त्यात अर्धवट उभारलेला पूल दिसत होता. तेव्हा कुठे त्या कामाची पद्धत उलगडू लागली.

इतक्या गाजलेल्या पुलाची ही गत, तर ओढ्याकाठच्या पाणचक्कीचं, डोंगरउतारावरच्या चुनाभट्टीचं, बंद पडलेल्या तेलघाण्याचं किंवा वीटभट्टीचं काय होत असेल! अशा उद्योगांमागे बहुधा दफ्तर नसतं, नकाशे नसतात. यंत्र भंगारात जातं, भिंतीचे दगड दुसऱ्या घराच्या पायात जातात. उरते ती तिथं काम केलेल्या माणसांची आठवण, आणि तीही दरवर्षी थोडी थोडी कमी होत जाते. म्हणून माझा आग्रह असा, की नोंद इमारतीची करण्याआधी कामाची करा. भिंत आणखी दहा वर्षं उभी राहू शकेल. भट्टी कशी लावायची हे माहीत असलेला शेवटचा माणूस तेवढा थांबेलच असं नाही.

हा लेख पहिल्यांदाच या कामाला हात घालणाऱ्यांसाठी आहे. त्यासाठी वास्तुशास्त्राची किंवा इतिहासाची पदवी लागत नाही. वही, मोजपट्टी, बरा फोन आणि ऐकून घेण्याची तयारी लागते.

आधी ठरवा, काय काय मोजायचं

औद्योगिक वारसा जपणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं २००३ साली रशियातल्या निझनी तागिल इथं एक सनद मंजूर केली. तिच्या व्याख्येत यंत्रं, गिरण्या, खाणी आणि गोदामं आहेतच, पण कामगारांची घरं, प्रार्थनास्थळं आणि शाळाही आहेत. पुढं २०११ साली याच समितीनं आणि स्मारकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं मिळून मांडलेल्या तत्त्वांत कामगारांच्या कौशल्यांचा आणि स्मृतींचाही समावेश झाला. नवख्या माणसाला याचा उपयोग साधा आहे: नोंद धुराड्यापाशी थांबवू नका. कच्चा माल कुठून यायचा, सरपण कुठून, पाणी कुठून, तयार माल कोणत्या वाटेनं जायचा आणि काम करणारे राहायचे कुठं, हे सगळं त्या एकाच जागेचा भाग आहे.

पण पहिल्या खेपेला एकच जागा घ्या. पंचक्रोशीतल्या सगळ्या गिरण्यांची यादी करण्याचा मोह होतो. यादी होते आणि नोंद एकाही गिरणीची पुरी होत नाही.

पहिली भेट, कॅमेरा पिशवीत ठेवून

पहिल्या दिवशी काहीही टिपू नका. जागेचा आजचा मालक कोण, पूर्वी चालवणारे कोण, राबणारे कोण आणि शेजारी कोण, एवढंच समजून घ्या. ही चार वेगळी माणसं असतात आणि चौघांची गोष्टही वेगळी असते. मालकाच्या घरी चहा घेऊन परत आलात, तर गोष्टीचा एकच कोपरा हाती लागतो. मालकाची परवानगी जागेत शिरायला पुरते. कामगाराच्या आठवणी टिपायला कामगाराचीच परवानगी लागते.

आपण काय करणार आणि काय करू शकत नाही, हे त्याच दिवशी स्पष्ट सांगा. ‘इथं संग्रहालय होईल’, ‘सरकारकडून काही मिळेल’ अशी आशा चुकूनही लावू नका. लोक तुमच्या शब्दावर विसंबतात. ‘आम्ही नोंद करू, तिची प्रत तुमच्याकडे राहील, आणि जे नको म्हणाल ते बाहेर जाणार नाही’ एवढं वचन पुरेसं आहे, आणि ते पाळणंही सोपं नाही.

मग चार-पाच जणांचा गट जमवा. पूर्वी तिथं काम केलेलं एखादं माणूस, सगळ्यांना ओळखणारी एखादी मावशी, शाळेतले एखादे शिक्षक आणि फोन सफाईनं हाताळणारी एक-दोन तरुण मुलं. काय टिपायचं हे या गटानं ठरवावं. बाहेरून आलेल्याला धुराडं महत्त्वाचं वाटतं. गावाला कदाचित भोंगा महत्त्वाचा वाटत असेल, कारण त्यावर अख्ख्या गावाची वेळ ठरायची.

चालत चालत नकाशा

गटाबरोबर जागेभोवती हिंडा. घाई नको, अर्धा दिवस द्या. सोबत मोठा कागद असू द्या आणि पेन्सिल गावकऱ्यांच्या हातात असू द्या. तुमचा नकाशा मापात बसेल, त्यांच्या नकाशात अर्थ असेल. ‘इथं गाड्या उभ्या राहायच्या’, ‘या झाडाखाली मजुरी वाटायचे’ अशा जागा कुठल्याही उपग्रहचित्रात सापडत नाहीत. जागांची नावं लोक म्हणतात तशीच लिहा, शुद्ध करू नका.

चालताना कच्च्या मालाच्या मागं चाला. पाणचक्की असेल तर पाण्याच्या मागं: बंधारा, पाट, पाणी अडवायची फळी, चाक आणि वापरलेलं पाणी परत ओढ्याला मिळतं ती जागा. चाक नाहीसं झालं असलं तरी पाटाची उंची बरंच सांगून जाते. पाणी वरून चाकावर पडत होतं की खालून पात्यांना ढकलत होतं, हे त्यावरून कळतं. या दोन पद्धतींत मोठा फरक आहे. जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्यानं १७५९ साली प्रयोग करून दाखवलं, की वरून पाणी घेणारं चाक खालून ढकलल्या जाणाऱ्या चाकाच्या साधारण दुप्पट कार्यक्षम असतं. म्हणून पाण्याची पातळी आणि चाकाचा तळ यांच्या उंचीतला फरक मोजून ठेवा. हे माप आणि पाटातून किती पाणी यायचं याची माहिती, दोन्ही मिळाली की ती चक्की किती दमाची होती याचा अंदाज बांधता येतो.

चुनाभट्टी असेल तर ती उताराला टेकून का बांधली ते विचारा. चुनखडी आणि सरपण यांचे थर वरच्या तोंडातून टाकायचे आणि भाजलेला चुना खालच्या तोंडातून काढायचा, म्हणून माल वरपर्यंत पोचवणारी वाट हवी. ती वाट आज झुडपांत हरवलेली असेल. पण तिथं पाट्या वाहिलेल्या माणसाचे पाय तिला बरोबर शोधून काढतात.

जिवाला जपा

बंद पडलेल्या जागा धोक्याच्या असतात. खाणीच्या बोगद्यात किंवा विहिरीत कधीही उतरू नका, कितीही उथळ दिसली तरी. भट्टीच्या पोटात आणि खोल खड्ड्यांत हवेपेक्षा जड असलेला कार्बन डायऑक्साइड साचलेला असू शकतो. तो दिसत नाही, त्याला वास नसतो. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस, म्हणजे फुफ्फुसांना घातक असे बारीक तंतू, असू शकतात. ते पत्रे फोडू नका, घासू नका. कातडी कमावण्याच्या जुन्या जागी मातीत क्रोमियमसारखी घातक रसायनं मुरलेली असू शकतात. लाकडी माळ्यावर वजन टाकू नका. एकट्यानं जाऊ नका, आणि कुठं चाललो आहोत ते मागं कुणाला तरी सांगून जा.

फोटो आणि मापं

बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन दांपत्यानं १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून कित्येक दशकं पाण्याच्या टाक्या, भट्ट्या आणि खाणींवरचे मनोरे टिपले. त्यांची शिस्त उचलण्यासारखी आहे: ढगाळ प्रकाश, वस्तू समोरासमोर आणि चौकटही सारखी. ढगाळ दिवशी सावल्या तपशील झाकत नाहीत. सूर्यास्ताचा देखणा फोटो स्वतःसाठी जरूर काढा, पण नोंदीला तो उपयोगाचा नाही.

क्रम असा ठेवा: आधी दुरून आजूबाजूच्या परिसरासह, मग चारही बाजू, मग आतली प्रत्येक भिंत आणि शेवटी तपशील. तपशीलात मापाची पट्टी दिसलीच पाहिजे. एक मीटरच्या काठीवर दर दहा सेंटीमीटरला रंगाचे पट्टे ओढले की काम भागतं. काहीही हलवण्याआधी, पुसण्याआधी, झाडण्याआधी फोटो घ्या. भिंतीवर खडूनं लिहिलेले हिशेब, दारावर कोरलेली नावं आणि यंत्रावरची बनावटीची पट्टी हमखास सुटतात. ती आधी टिपा.

आणि प्रत्येक फोटोची नोंद जागेवरच करा: क्रमांक, काय आहे, कुठल्या दिशेला तोंड करून काढला, तारीख. सुरुवातीच्या काळात मी एका गिरणीचे तीनेकशे फोटो काढले आणि नोंद ‘घरी गेल्यावर करू’ म्हणून टाळली. सहा महिन्यांनी त्यातली कुठली भिंत कुठली ते मलाच ओळखता येईना. तोवर छप्पर कोसळलं होतं, पुन्हा जाऊन बघायचीही सोय उरली नव्हती.

मापांबद्दल नवख्यांना उगाच धास्ती वाटते. खोली काटकोनात आहे असं मात्र धरून चालू नका, जुनी बांधकामं क्वचितच काटकोनात असतात. चारही बाजू मोजा आणि दोन्ही कर्णही मोजा. त्रिकोणाच्या तीन बाजू कळल्या की त्याचा आकार पक्का होतो, सगळी युक्ती तेवढीच आहे. एका भिंतीवरची दारं-खिडक्या मोजताना टेपचं शून्य एकाच कोपऱ्यात ठेवून सलग आकडे घ्या. दर वेळी टेप उचलून नव्यानं लावली तर लहान चुका साचत जातात. जमिनीपासून साधारण एक मीटर उंचीवर इमारत आडवी कापली तर वरून कशी दिसेल, तो आराखडा चौकटीच्या कागदावर काढा. एकास पन्नास हे प्रमाण सोयीचं आहे: कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जागेवरचे पन्नास. एकानं टेप धरावी, दुसऱ्यानं आकडा मोठ्यानं वाचावा, तिसऱ्यानं तो परत म्हणत लिहावा. शाळकरी मुलांना हे काम फार आवडतं, आणि एकदा त्यांनी भिंत मोजली की ती भिंत त्यांची होते.

माणसांशी बोलणं

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. बाकीचं घाईत उरकलं तरी चालेल, हे नको.

माझी पहिली मुलाखत फसली. मी आजोबांना विचारलं, ‘घाणा कोणत्या साली बंद पडला?’ त्यांना साल आठवेना. ते ओशाळले आणि नंतर प्रत्येक उत्तर दोन शब्दांत देऊ लागले. साल विचारायचंच असेल तर आयुष्यातल्या घटनेला बांधून विचारा: ‘थोरल्या मुलीच्या लग्नाआधी की नंतर?’ ‘वीज यायच्या आधी की मागून?’ साल तुम्ही नंतर काढू शकता.

सुरुवात हातांपासून करा. ‘सकाळी गेल्यावर पहिलं काय हातात घ्यायचात?’ या प्रश्नावर अख्खा दिवस उलगडतो. पुढचा हुकमी प्रश्न: ‘झालं, हे कळायचं कसं?’ चुना भाजला हे कसं कळायचं? जात्याच्या तळीला टाकी लावायची, म्हणजे झिजलेला दगड छिन्नीनं पुन्हा खडबडीत करायची, वेळ झाली हे कसं कळायचं? खरं कौशल्य या उत्तरांत असतं. चुनखडी साधारण नऊशे अंश सेल्सिअसला तापली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि शंभर किलो शुद्ध दगडाचा छप्पन्न किलोच्या आसपास कळीचा चुना उरतो. अनुभवी माणूस खडा हातात तोलूनच सांगतो की आत कच्चा राहिला आहे. त्यानं तापमापक पाहिलेलाही नसतो. त्याचा तळहात काय जाणतो, ते फक्त त्यालाच विचारता येतं.

शक्य असेल तर मुलाखत जागेवरच घ्या, किंवा निदान एखादं हत्यार समोर ठेवा. हातोडा हातात आला की बसलेला माणूस उठून उभा राहतो आणि अंग आपोआप ती हालचाल करू लागतं. तेव्हा व्हिडिओ घ्या. चेहऱ्याऐवजी हात टिपा, त्यांच्या खांद्यावरून, न तोडता. काम चालू असताना प्रश्न विचारू नका. नंतर तोच व्हिडिओ त्यांना दाखवा आणि ‘इथं काय करताय?’ विचारत त्यांचं बोलणं वेगळं टिपा. काम आणि त्याचं स्पष्टीकरण अशा दोन नोंदी होतात, आणि दुसरीत नेहमी काहीतरी असं निघतं जे पहिल्या खेपेला कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

हाताचं कसब हाही वारसाच आहे, हे आता जगानं मान्य केलं आहे. नेदरलँड्समध्ये पवनचक्क्या आणि पाणचक्क्या चालवणाऱ्यांची कला युनेस्कोनं २०१७ साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. नोंद चक्क्यांची नव्हती, चालवण्याच्या ज्ञानाची होती.

बायकांना वेगळं भेटा. पुरुषांच्या घोळक्यात ‘आम्ही काय, नुसतं निवडायचो’ एवढंच ऐकू येतं. आणि ते ‘नुसतं निवडणं’ म्हणजे मालाची सगळी प्रत त्यांच्या नजरेवर ठरायची. फिनलंडमधली वेर्ला इथली पुठ्ठ्याची गिरणी १९६४ साली थांबली, १९७२ साली तिचं संग्रहालय झालं आणि १९९६ साली ती जागतिक वारशाच्या यादीत आली. तिथल्या लाकडी जमिनीत पायांच्या झिजेचे खळगे आहेत. पुठ्ठ्याचे गठ्ठे तोलणारी एक बाई कित्येक दशकं त्याच जागी उभी असायची. तिची गोष्ट कुणी सांगितली नसती, तर ते खळगे ही नुसती खराब झालेली फरशी ठरली असती.

तांत्रिक बाजू थोडक्यात: पंखा बंद, फोन विमान मोडमध्ये, ध्वनिमुद्रक बोलणाऱ्याच्या जवळ. सुरुवातीला नाव, तारीख, जागा आणि संमती मोठ्यानं मुद्रित करा. जमल्यास वेव्ह (WAV) स्वरूपात, म्हणजे आवाज न दाबता, साठवा. प्रश्न विचारून झाला की गप्प बसा. शांतता असह्य झाली तरी आणखी थोडं थांबा, पुष्कळदा खरी गोष्ट तिच्या पलीकडून येते.

दोघांचं सांगणं जुळलं नाही तर निवाडा करू नका. दोन्ही टिपा, कुणी काय सांगितलं ते लिहा. आणि अवघड गोष्टी टाळू नका: अपघात, थकवलेली मजुरी, छातीत बसलेली धूळ, कुणाला आत येऊ देत आणि कुणाला दाराबाहेर ठेवत. मात्र या गोष्टी उकरून काढू नका, वाट मोकळी ठेवा. सांगणाऱ्यानं सांगितल्या तर तितक्याच जपून सांभाळा.

घरातल्या वस्तू

एक दिवस ठरवून लोकांना जुने फोटो, पगाराच्या चिठ्ठ्या, वह्या, हत्यारं घेऊन यायला सांगा. कुणाचीही वस्तू घरी नेऊ नका, ‘उद्या परत देतो’ म्हणूनही नाही. तिथंच टेबल मांडा, खिडकीच्या उजेडात सपाट ठेवून फोटो काढा, मागची बाजूही घ्या, आणि वस्तू आणणाऱ्याच्या तोंडून तिची हकिकत मुद्रित करा. जुन्या समूहफोटोवर पातळ कागद ठेवून त्यावर माणसांची नावं लिहून घ्या. फोटोवर पेन टेकवू नका.

सांभाळून ठेवणं

फाइलच्या नावात आधी तारीख, वर्ष-महिना-दिवस या क्रमानं, मग जागा, मग क्रमांक. असं केलं की संगणक आपोआप कालक्रम लावतो. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. फोन हरवतात, हार्ड डिस्क मरतात, तेव्हा हा नियम त्याच संध्याकाळी पाळा. सोबत एक साधी यादी असू द्या: काय, कुठं, कधी, कुणी टिपलं, कुणी सांगितलं, कोणत्या अटीवर. मुलाखतीचा निदान गोषवारा मिनिटांसह लिहा. चार तासांचं मुद्रण कुणी सहसा ऐकत नाही, ‘बाराव्या मिनिटाला टाकी लावण्याची रीत’ हे मात्र सापडतं.

संमती तीन पायऱ्यांत घ्या: सगळ्यांसाठी खुलं, फक्त गावात, किंवा ठरावीक वर्षांपर्यंत बंद. मन बदलण्याची मुभा ठेवा. एखादा म्हणेल, ‘ते मुकादमाबद्दल बोललो तेवढं काढा.’ काढायचं, वाद घालायचा नाही. धोकादायक ठिकाणाचा नेमका पत्ता किंवा चोरीला जाईल अशा यंत्राची जागा जाहीर करायची की नाही, हेही गटाला विचारून ठरवा.

परत जाणं

नोंद पुरी झाली की ती गावात वाचून दाखवा. मोठे फोटो भिंतीवर लावा, शेजारी कोरे कागद आणि पेन ठेवा. चुका निघतील, त्यासाठीच तर हे आहे. ज्यांनी मुलाखतीला नकार दिला होता, ते याच दिवशी येऊन म्हणतात, ‘तुम्ही लिहिलंय ते अर्धंच आहे.’

चिलीच्या अटाकामा वाळवंटात सोरा, म्हणजे खतासाठी लागणारा क्षार, काढणारे दोनशेहून अधिक कारखाने होते. चिली, पेरू आणि बोलिव्हियातून आलेल्या कामगारांनी तिथल्या वसाहतींत स्वतःची वेगळी संस्कृती आणि बोली घडवली. त्यांतले हम्बरस्टोन आणि सांता लॉरा हे दोन कारखाने २००५ साली जागतिक वारशाच्या यादीत आले, त्याच वेळी ढासळत्या अवस्थेमुळे धोक्यातल्या स्थळांतही गेले, आणि २०१९ साली त्या दुसऱ्या यादीतून बाहेर आले. पत्र्याच्या आणि लाकडाच्या त्या इमारतींत तिथल्या लोकांचं जगणं होतं, म्हणून त्या वाचवण्याला अर्थ होता.

शेवटी छापील प्रतीचा एक संच शाळेत किंवा वाचनालयात आणि एक प्रत बोललेल्या प्रत्येकाच्या घरी द्या. वहीच्या शेवटी वीसेक पानं कोरी सोडा आणि पहिल्या कोऱ्या पानावर लिहा: ‘राहिलेलं इथं लिहा.’ वर्षभरानं ती वही बघायला परत जा. जाताना मोजपट्टी सोबत घ्या.